जीनोम ब्राउझरमधील सेशन फाइल : रायपूरच्या भातसंग्रहाच्या निमित्ताने

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ असे म्हणतात. महानदी व शिवनाथ या नद्यांच्या खोऱ्यातील हा सपाट प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या पाण्यावर भात पिकवीत आला आहे. रायपूर हे त्याचे मुख्य नगर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत रायपूरचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे, आणि भंडारा-गोंदियाचा धानपट्टा तर या प्रदेशाचा सख्खा शेजारी आहे. तेव्हा रायपूरच्या भाताची हकीकत मराठी वाचकांस परकी वाटण्याचे कारण नाही.

रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या बीजकोशात भाताचे २३ हजारांहून अधिक नमुने जतन करून ठेवलेले आहेत. एकाच पिकाचा एवढा मोठा संग्रह जगात फारच थोड्या ठिकाणी आढळतो. त्याचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी घातला. कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविलेल्या या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात रायपूरच्या मध्यप्रदेश भात संशोधन संस्थेत राहून गावोगावचे सुमारे १९ हजार नमुने जमविले. आदिवासी शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे निवडून राखलेले वाण त्यांत होते. कोणता हळवा, कोणता गरवा. कोणता खोलगट बांधीत तग धरणारा, कोणता माळावर येणारा. कोणाचा तांदूळ बारीक, कोणाचा सुवासिक, असा तो अफाट पसारा होता.

अशा संग्रहाचे मोल केवळ दाण्यांत नसते. प्रत्येक पुडीबरोबर वाणाचे नाव, गाव, शेताचा प्रकार आणि गुणधर्म यांची नोंद असावी लागते. चिठ्ठी हरवली की उरतात ते मूठभर दाणे. ते पेरता येतात, पण ते कशाचे आहेत आणि कोणी राखले, हे सांगता येत नाही. हीच गोष्ट आता एका नव्या प्रकारच्या संग्रहास लागू पडते. त्या संग्रहात बी नसते, तर बीमध्ये दडलेल्या आनुवंशिक मजकुराची अक्षरे असतात. ती अक्षरे पाहण्याचे साधन म्हणजे जीनोम ब्राउझर, आणि ती कशी पाहिली याची नोंद म्हणजे सेशन फाइल. या नोंदीचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अक्षरांचा ग्रंथ

प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नावाचा पदार्थ असतो. त्याच्या लांबच लांब धाग्यावर चार प्रकारचे रासायनिक घटक एकापुढे एक गुंफलेले असतात. त्यांना ए, सी, जी व टी अशी अक्षरे देण्याचा प्रघात आहे. एका सजीवाच्या अशा संपूर्ण मजकुरास जीनोम म्हणतात. भाताचा जीनोम १२ गुणसूत्रांत विभागलेला असून त्यात सुमारे ३९ कोटी अक्षरे आहेत. म्हणजे १२ खंडांचा हा एक ग्रंथच होय.

हा ग्रंथ प्रथम काळजीपूर्वक वाचला गेला तो निप्पोनबारे या जपानी वाणाचा. जपानच्या पुढाकाराने अनेक देशांनी मिळून हे काम केले आणि त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारताचाही वाटा होता. ११व्या गुणसूत्राचा काही भाग दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर व भारतीय कृषी संशोधन संस्था यांतील शास्त्रज्ञांनी वाचला. पुढे या मजकुरातील चुका दुरुस्त होत गेल्या. २०१३ साली जी सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिला आयआरजीएसपी-१.० असे नाव आहे. आज भाताच्या कोणत्याही वाणाचा अभ्यास करताना बहुधा हीच आवृत्ती प्रमाण मानतात. तिला संदर्भ-जीनोम असे म्हणू.

त्यानंतर वाचनाचा वेग कमालीचा वाढला. ८९ देशांतील ३,०१० वाणांच्या जीनोमांचा तौलनिक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मात्र वेगवान पद्धतीत ग्रंथ सलग वाचला जात नाही. यंत्र त्याचे शेदीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे वाचते. नंतर संगणक प्रत्येक तुकडा संदर्भ-जीनोमाशी ताडून योग्य जागी बसवितो. फाटलेल्या पोथीचे कपटे शाबूत प्रतीवर जुळवून ठेवावेत, तसाच हा प्रकार. एका वाणाच्या अशा तुकड्यांची फाइल कित्येक अब्ज अक्षरांएवढी मोठी होते. ती उघडून डोळ्यांनी वाचणे मनुष्यास अशक्य आहे.

ब्राउझर काय दाखवितो

या अडचणीतून जीनोम ब्राउझर निर्माण झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेने २००० साली मानवी जीनोमासाठी तयार केलेला ब्राउझर या प्रकारातील आद्य साधनांपैकी एक होय. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटने तयार केलेला आयजीव्ही हा ब्राउझर स्वतःच्या संगणकावर चालविता येतो व विनामूल्य मिळतो. त्यामुळे पिकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतून तो पुष्कळ वापरला जातो.

ब्राउझरच्या पडद्यावर वरच्या बाजूस गुणसूत्राची पट्टी असते. तिच्यावर गावाच्या नकाशाप्रमाणे अंतरे दिलेली असतात. फरक इतकाच, की येथे अंतर कोसांत नसून अक्षरांत असते. तिच्याखाली एकाखाली एक आडव्या पट्ट्या येतात. त्यांस ट्रॅक म्हणतात. एका ट्रॅकवर जनुके कोठून कोठपर्यंत आहेत हे दिसते, दुसऱ्यावर एका वाणाचे तुकडे, तिसऱ्यावर दुसऱ्या वाणाचे. सारे ट्रॅक एकाच अंतरपट्टीला बांधलेले असल्याने एका जागेवर नजर टाकताच सर्व वाणांची स्थिती समोर येते.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडील आंबेमोहोर किंवा छत्तीसगडकडील दुबराज व जिराफूल हे तांदूळ शिजताना घर दरवळते. सुवासिक तांदळातील प्रमुख सुगंधी द्रव्यास दोन-ॲसिटिल-एक-पायरोलीन असे नाव आहे. आठव्या गुणसूत्रावर, सुमारे २ कोटी ३ लाख ८० हजाराव्या अक्षराच्या पुढे, बीएडीएच-२ नावाचे जनुक आहे. ते धडधाकट असले की त्यापासून तयार होणारे विकर या सुगंधी द्रव्याचा संचय होऊ देत नाही. २००५ साली असे दिसून आले, की बासमतीसारख्या अनेक सुवासिक वाणांत या जनुकाच्या सातव्या सार्थ खंडातील ८ अक्षरे गळलेली असतात. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. ८ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून तेथून पुढचे सारे गट चुकतात, विकर अपुरे राहते आणि सुगंध साचतो.

निप्पोनबारे हा वाण सुवासिक नाही. त्यामुळे संदर्भ-जीनोमात ती ८ अक्षरे आहेत. सुवासिक वाणाचे तुकडे त्यावर बसविले की त्या जागी प्रत्येक तुकड्यात लहानशी फट दिसते. स्वर्णासारख्या बिनवासाच्या वाणाच्या ट्रॅकवर ती दिसत नाही. परंतु सर्वच सुवासिक वाणांत हीच ८ अक्षरे गळलेली नसतात. काहींत याच जनुकात अन्य ठिकाणी बदल आढळले आहेत. म्हणून एखाद्या देशी वाणाच्या सुगंधाचे कारण सांगावयाचे तर ते गृहीत धरून चालत नाही. पुरावा पाहावा लागतो, आणि तो दुसऱ्यासही दाखविता यावा लागतो.

सेशन फाइल म्हणजे काय

समजा, रायपूरच्या एका अभ्यासकाने संदर्भ-जीनोम निवडला, जनुकांचा ट्रॅक लावला, दुबराजाचे व स्वर्णाचे तुकडे उघडले, त्यांना निरनिराळे रंग दिले, पट्ट्यांची उंची बेताची केली आणि आठव्या गुणसूत्रावरील ती नेमकी जागा पडद्यावर आणली. एवढ्या मांडणीस अर्धा तास सहज जातो. संगणक बंद केला की ती मोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावयाची, आणि ती कालच्यासारखीच मांडली गेली याची शाश्वती नाही. नागपूरच्या किंवा पुण्याच्या सहकाऱ्याने “मलाही दाखवा” म्हटले, तर त्यास पाच-दहा वाक्यांची चिठ्ठी लिहावी लागेल.

सेशन फाइल हीच चिठ्ठी आहे. मात्र ती यंत्रास कळेल अशा भाषेत, ब्राउझरनेच लिहिलेली असते. आयजीव्हीत ती एक्सएमएल या साध्या मजकुराच्या रूपात असते. पुढील गोष्टी तिच्यात नोंदविलेल्या असतात : कोणता संदर्भ-जीनोम वापरला, कोणत्या फाइली उघडल्या व त्या कोठे आहेत, ट्रॅकांची नावे, रंग, उंची व क्रम, पडद्यावर असलेली जागा, आणि अभ्यासकाने खूण करून ठेवलेले प्रदेश.

येथे एक मुद्दा ध्यानात ठेवला पाहिजे, कारण बहुतेक घोटाळे त्याच्या विस्मरणातून होतात. सेशन फाइलीत मूळ सामग्री नसते. तिच्यात सामग्रीचा पत्ता असतो. ग्रंथालयात एखादा वाचक चार ग्रंथ टेबलावर उघडून, पानांत खुणेचे कागद घालून बसला आहे असे समजा. उठताना त्याने कोणते ग्रंथ, कोणती आवृत्ती, कोणत्या कपाटातून घेतले आणि कोणते पान उघडले हे कागदावर लिहून ठेवले. तो कागद म्हणजे सेशन फाइल. म्हणूनच सामग्री कित्येक गिगाबाइट असली तरी सेशन फाइल काही किलोबाइटांतच मावते. आणि म्हणूनच ग्रंथ दुसऱ्या कपाटात हलविले, तर तो कागद जवळ असूनही उपयोग होत नाही.

ती कशी तयार करावी

पहिली गोष्ट जागेची व्यवस्था. एका कामासाठी एकच फोल्डर करावा आणि त्यात संदर्भ-जीनोम, जनुकांची यादी, तुकड्यांच्या फाइली व त्यांच्या अनुक्रमणिका एकत्र ठेवाव्यात. अनुक्रमणिका ही वेगळी छोटी फाइल असते. तिच्यामुळे ब्राउझरला प्रचंड फाइलीतून हवे तेवढेच पान काढता येते. सामग्री नेली आणि अनुक्रमणिका मागे राहिली, तर ट्रॅक उघडत नाही. सेशन फाइल याच फोल्डरात ठेवावी आणि पत्ते सापेक्ष पद्धतीने लिहिले जातील अशी निवड आयजीव्हीच्या पसंतीपत्रकात करावी. ‘रायपूर, अमुक गल्ली, तमुक घर’ हा पूर्ण पत्ता झाला. ‘माझ्या शेजारची खोली’ हा सापेक्ष पत्ता. बिऱ्हाड संपूर्ण हलले तरी शेजारची खोली शेजारीच राहते.

दुसरी गोष्ट संदर्भ-जीनोमाची निवड. गावात एकत्रीकरण होऊन जुने सर्व्हे नंबर गेले व नवे गट नंबर आले, की जुन्या सात-बारावरील आकडा नव्या नकाशावर भलत्याच शेताकडे बोट दाखवितो. जीनोमाच्या आवृत्त्यांचे तसेच आहे. चुका दुरुस्त होताना मध्ये अक्षरे वाढतात किंवा कमी होतात आणि पुढचे सारे क्रमांक सरकतात. जुन्या आवृत्तीवर बसविलेले तुकडे नव्या आवृत्तीवर उघडले, तर ब्राउझर बहुधा तक्रार करीत नाही. तो निमूटपणे चुकीची जागा दाखवितो. न उघडणारी फाइल परवडली, पण चुकीचे उघडणारी नको. म्हणून सेशनच्या नावातच आवृत्तीचे नाव घालण्याची सवय चांगली.

तिसरी गोष्ट गुणसूत्रांच्या नावांची. एका फाइलीत आठव्या गुणसूत्राचे नाव नुसते ‘८’, दुसरीत ‘सीएचआर८’ आणि तिसरीत ‘सीएचआर०८’ असे असू शकते. मनुष्यास ही तिन्ही एकच वाटतात. यंत्रास ती तीन निराळी गावे वाटू शकतात, आणि मग ट्रॅक कोरा दिसतो. कोरा ट्रॅक पाहून ‘या वाणात येथे काहीच नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी नावे जुळतात की नाही हे पाहिले पाहिजे. मोजणीतही असाच एक बारकावा आहे. काही प्रकारच्या फाइलींत पहिल्या अक्षरास १ म्हणतात, तर ‘बेड’ या प्रकारात मोजणी शून्यापासून सुरू होते. हाताने यादी तयार करताना हा फरक विसरला, तर खूण एका अक्षराने सरकते. आणि जेथे एका अक्षराने जनुकाचा अर्थ बदलतो तेथे ही चूक क्षुल्लक नव्हे.

चौथी गोष्ट ट्रॅकांच्या नावांची. यंत्राने दिलेली नावे बहुधा फाइलींचीच लांबलचक नावे असतात. त्याऐवजी वाणाचे नाव व बीजकोशातील नोंदणी क्रमांक लिहावा. ‘दुबराज’ या एकाच नावाने निरनिराळ्या गावांतून आलेले नमुने असू शकतात. नुसते नाव लिहिले तर कोणता दुबराज पाहिला हे कळत नाही. बीजकोशातील पुडी आणि पडद्यावरील पट्टी यांना जोडणारा धागा तो क्रमांकच होय. रंगही विचाराने द्यावेत : सुवासिक वाणांस एक आणि बिनवासाच्या वाणांस दुसरा, म्हणजे पाहणाऱ्यास विचारावे लागत नाही.

मग ज्या जागी पुरावा आहे ती जागा, आजूबाजूचा थोडा प्रदेश दिसेल अशा बेताने, पडद्यावर आणावी, तिच्यावर खूण करावी आणि सेशन जतन करावे. येथे काम संपले असे मानू नये. ब्राउझर बंद करावा, संपूर्ण फोल्डर दुसऱ्या संगणकावर न्यावा आणि सेशन तेथे उघडून पाहावे. ते जसेच्या तसे उघडले तरच ते तयार झाले. फोल्डरात एक साधी टिपणवहीही असावी : कोणी, केव्हा, ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या प्रश्नासाठी ही मांडणी केली. सेशन फाइल ‘काय पाहिले’ ते सांगते. ‘का पाहिले’ ते माणसालाच लिहावे लागते.

संकेतस्थळावर चालणाऱ्या ब्राउझरांविषयी एक सूचना आवश्यक आहे. आयजीव्हीच्या संकेतस्थळावरील रूपास आपल्या संगणकातील फाइलीचा पत्ता कळत नाही. म्हणून तेथे सेशन करावयाचे तर सामग्री इंटरनेटवर पोहोचता येईल अशा ठिकाणी ठेवावी लागते. सांताक्रूझच्या ब्राउझरमध्ये सेशन त्यांच्या यंत्रावर किंवा स्वतःच्या संगणकावर फाइलीच्या रूपाने, दोन्ही प्रकारे जतन करता येते. दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलेली नोंद सोयीची असते, तरी तिची एक प्रत आपल्यापाशी असणे शहाणपणाचे.

एवढा खटाटोप कशासाठी

कोणी विचारील, की शेतकऱ्याच्या बांधीपासून इतक्या दूर असलेल्या या फाइलीची काळजी का करावी? त्याचे उत्तर रायपूरच्याच इतिहासात आहे. २००२ साली कृषी विश्वविद्यालय व सिंजेंटा ही परदेशी कंपनी यांच्यात या भातसंग्रहासंबंधी करार होण्याच्या वार्ता बाहेर आल्या. त्यास शेतकरी व नागरिक यांनी तीव्र विरोध केला आणि वर्षअखेरीस कंपनीने माघार घेतली. त्या वादात एक गोष्ट सर्वांना जाणवली : वाण कोणाचा, कोठला आणि त्यात विशेष काय, या प्रश्नांची उत्तरे देता येणे हे बी राखण्याइतकेच महत्त्वाचे आहे. वनस्पतींचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २००१ सालीच झाला होता. त्यानुसार शेतकऱ्यांनी राखलेल्या वाणांची नोंदणी होऊ शकते. जिराफुलास २०१९ साली व नगरी दुबराजास २०२३ साली भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. या नोंदण्या जीनोम पाहून होत नाहीत. परंतु उद्या कोणी एखाद्या गुणावर हक्क सांगू लागला, तर तो गुण कोणत्या वाणात, कोणत्या जागी, केव्हा पाहिला गेला होता हे दाखविणारा पुरावा उपयोगी पडेल.

दुसरे उदाहरण नव्या वाणांचे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रायपूरच्या विश्वविद्यालयाच्या सहकार्याने प्रारणांच्या साहाय्याने दुबराज व सफरी-१७ या जुन्या, उंच वाढणाऱ्या वाणांपासून नवे वाण तयार केले आहेत. त्यांच्या नावांत ट्रॉम्बे व छत्तीसगड ही दोन्ही नावे एकत्र नांदतात. अशा नव्या वाणात नेमके काय बदलले हे पाहावयाचे तर मूळ वाण व नवा वाण यांचे ट्रॅक एकाखाली एक लावावे लागतात. मुंबईत मांडलेले रायपुरास तसेच दिसले पाहिजे. ते दिसले नाही तर दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत याची खात्री राहात नाही.

विज्ञानातील कोणतेही विधान दुसऱ्याने पडताळून पाहता येण्यावर टिकते. चित्र छापले तर ते एका क्षणाचे एकच दृश्य असते. त्याच्या डावी-उजवीकडे काय होते हे त्यावरून कळत नाही. सेशन फाइल मात्र वाचकास त्याच जागी आणून उभी करते आणि पुढे मागे फिरण्यास मोकळीक देते. “मी येथे उभा होतो, तुम्हीही येथे उभे राहा आणि स्वतः पाहा,” असे ती सांगते. आपल्याला पटलेले दुसऱ्याने तपासावे अशी सोय मागे ठेवणे ही विज्ञानाची जुनी शिस्त आहे. सेशन फाइलीने ती संगणकाच्या पडद्यावर आणली.

रिछारिया १९९६ साली निवर्तले. छत्तीसगडच्या खेड्यांतून त्यांनी जमविलेले दाणे मात्र आजही बीजकोशात आहेत, आणि त्यांतील वाणांची अक्षरे हळूहळू वाचली जात आहेत. दाणा शीतगृहात वर्षानुवर्षे टिकतो, अक्षरे संगणकात टिकतात. परंतु दाण्याचा व अक्षरांचा संबंध सांगणारी नोंद आपोआप टिकत नाही. ती कोणीतरी नीटपणे लिहावी लागते, योग्य नाव देऊन जागेवर ठेवावी लागते आणि दुसरीकडे उघडून तपासावी लागते. हे काम फार अवघड नाही. शाळेतील ज्या विद्यार्थ्यापाशी संगणक आहे, तोही विनामूल्य ब्राउझर व भाताचा संदर्भ-जीनोम उतरवून घेऊन आठव्या गुणसूत्रावरील सुगंधाच्या जनुकापर्यंत जाऊ शकेल आणि आपले पहिले सेशन जतन करू शकेल. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या मित्राच्या संगणकावर जसेच्या तसे उघडले, की संशोधनातील एक महत्त्वाचा धडा त्याने गिरविला असे समजावे.